पुतण्याच्या गाडीचा पोचा

आज हस्त बहाराच्या पानगळीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. गेले आठ दिवस डोक्यात दुसरंच आहे, ते आधी लिहून टाकतो.

थोरल्या भावाचं आणि माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण घरोघरी असतं तेच, बांध. मोजणी झाली, दगड रोवले, तरी बोलणं सुरू झालं नाही. पोरांचं मात्र तसं नाही. पुतण्या पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. त्यांच्या वस्तीच्या वाटेला गुडघाभर चिखल, म्हणून गाडी माझ्या गोठ्यापुढं लावली. "काका, दोन दिवस राहू द्या," म्हणाला आणि बापाकडं चालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालवडीचं दावं सुटलं. ट्रॅक्टर सुरू झाला तशी ती बिचकून मागं सरली आणि ढुंगण थेट गाडीच्या दारावर टेकवलं. ताटाएवढा पोचा. तिला आवरायला धावताना माझ्या हातातला दुधाचा कॅन सुटला, तो उतारानं गडगडत मागच्या बंपरवर. एका मिनिटात दोन जागी चेपली. कारभारीण म्हणाली, "दादांना आत्ताच सांगून या." मी म्हणलं, आधी काढून तर बघू. खरं सांगतो, भीती पैशाची नव्हती. मुद्दाम केलं असं भाऊ म्हणेल, याची होती.

बंपरचं सोपं. तो प्लास्टिकचा असतो, तापला की मऊ पडतो. पीव्हीसी पाइपाची कॉलर आपण तापवून बसवतो, त्यातलाच प्रकार. पातेलंभर आधण आणलं, पोच्यावर हळूहळू ओतलं, रबरी हातमोजे घालून खालून हात घातला आणि आतून दाबलं. फटकन बाहेर आला. लगेच गार पाणी ओतलं की तो आकार धरतो. स्टोव्ह किंवा गॅसची ज्योत मात्र लावू नका, रंग जळतो आणि प्लास्टिक वितळतं.

हे जमल्यावर माझी छाती फुगली.

दाराचं वेगळं. ते लोखंडी पत्र्याचं. पत्रा एक मिलिमीटरपेक्षा पातळ, पण उकळत्या पाण्यानं मऊ पडायचा नाही. मोबाईलवर दाखवतात तसं सुनेच्या केस वाळवायच्या मशीननं तापवून वरून बर्फ लावला. काही झालं नाही, फक्त सून हसली. मग बेसिन तुंबल्यावर वापरतो तो रबरी पंप आणला. पत्रा धुतला, कारण माती राहिली तर रंगावर ओरखडे येतात. रबराची कड ओली करून पोच्याच्या मधोमध बसवला, हवा दाबून काढली आणि सरळ ओढला. चौथ्या ओढीला "टप्" आवाज झाला आणि पोचा वर आला. पसरट, उथळ, कडा नसलेला असेल तरच हे जमतं. पत्र्याला घडी पडली असेल, किंवा पोचा दाराच्या कडेला असेल, तर पंप नुसता सुटून हातात येतो.

आता राहिला होता अंगठ्याएवढा खळगा. उन्हात दिसतही नव्हता. ट्यूबलाइटखाली पत्र्यात पडलेली उजेडाची रेघ तेवढ्या जागी वाकडी दिसायची. तिथं थांबायला पाहिजे होतं. फवारणीत आपलं असंच होतं बघा, एका मात्रेत कीड आटोक्यात येते, तरी हात शिवशिवतो आणि दुसऱ्या दिवशी पानं करपलेली.

मी दाराचं आतलं अस्तर खोललं. हँडलमागचे स्क्रू काढले, क्लिपा सोडवल्या (दोन मोडल्या), आतला प्लास्टिकचा कागद अर्धा सोडवला. हा कागद परत नीट चिकटवावा लागतो, नाहीतर पावसाचं पाणी गाडीत येतं. काच वर घेतली, वायरी बाजूला धरल्या. आतून दाबायचं ते खळग्याच्या कडेपासून, गोल फिरत, हलक्या हातानं, शेवटी मध्ये. हे मला माहीत होतं. तरीपण घाई. खुरप्याच्या मुठीला फडकं गुंडाळलं आणि सरळ मध्यावर जोर दिला. पत्रा ताणला गेला, बाहेर बोरीच्या बीएवढा उंचवटा आला आणि त्याच्या टोकावर रंगाला बारीक तडा गेला. ताणलेला पत्रा आपल्यासारख्याच्या हातानं परत बसत नाही. तडा उघडा राहिला तर तिथून गंज धरतो. आधी नुसता पोचा होता, आता रंगाचं कामही वाढवून ठेवलं.

तेव्हा मग चिखल तुडवत गेलो. भाऊ ओट्यावर बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कालवडीपासून खुरप्यापर्यंत. पुतण्या म्हणाला, "काका, असू द्या, इन्शुरन्स आहे." मी म्हणलं, एवढ्यासाठी क्लेम करू नको. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की पुढच्या हप्त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर २० टक्के सूट मिळते, ती जाईल. डेंटरला फोन करून विचारलंय, अडीच हजार सांगतो, ते मी देतो.

भाऊ काही बोलला नाही. चपला घातल्या आणि माझ्याबरोबर निघाला. गोठ्यापुढं येऊन त्यानं उंचवट्यावर बोट फिरवलं.

"खुरपं घालायची अक्कल कुणी दिली तुला?"

दोन वर्षांत पहिलंच वाक्य.

अंधार पडला होता. डेंटर गुरुवारशिवाय मोकळा नव्हता आणि आभाळ भरलेलं, म्हणून तोवर तड्यात पाणी जाऊ नये असं बघायचं होतं. जागा कोरडी पुसली आणि सुनेच्या नेलपॉलिशचा पांढरा थेंब काडीनं लावला. बॅटरी भावानं धरली. माझा हात थरथरत होता, तर म्हणाला, "दम धर, उजेड नीट पाडतो."

बांधाचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही. जाताना कालवड किती महिन्यांची झाली ते विचारून गेला.