गवताची गाडी

डोक्यावर भरलेली घागर घ्यायची तर खाली चुंबळ हवीच. आपल्याकडच्या बायका जुन्या लुगड्याचा पट्टा वळून ती करत. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या वाळवंटातल्या आदिवासी बायकाही अशीच चुंबळ करत आल्या. तिला त्या ‘मांगुरी’ म्हणतात. केसांची दोरी, गवत, एमू पक्ष्याची पिसं असं हाताशी असेल ते गुंडाळून ती वळायची आणि तिच्यावर लाकडी पात्र ठेवून पाणी वाहून आणायचं.

पुढे वस्त्या झाल्या, पत्र्याची भांडी आली. गरजा वाढल्या, पैसा मात्र हाती येईना. कामासाठी शहर गाठावं, तर आपली भूमी आणि म्हातारी माणसं मागे राहणार! घर न सोडता, स्वतःच्या कष्टाचे चार पैसे मिळावेत, एवढंच या बायकांचं मागणं होतं.

तिथल्या बायकांनी १९८० मध्ये स्वतःची महिला परिषद स्थापन केली होती. १९९५ मध्ये या परिषदेने टोपल्या विणायला शिकवण्याची शिबिरं भरवली. गवताची मूठ घ्यायची, तिच्यावर दोरा गुंडाळायचा आणि वेढ्याला वेढा सुईने शिवत जायचं. ही पद्धत त्यांना नवी होती. पण वळण्या-गुंडाळण्याची सवय बोटांत मुरलेली होती. बघता बघता टोपल्या उभ्या राहिल्या. कुणी त्यांत रंगीत लोकर गुंफली, कुणी बिया, कुणी पिसं. या कामाला नाव मिळालं ‘जान्पी’, म्हणजे गवत. आज चारशेहून अधिक बायका हे काम करतात. संस्थेची माणसं वस्त्यांवर जाऊन टोपल्या विकत घेतात.

गवत आणायला बायका मिळून रानात जातात. तिथे शिकार होते, कंदमुळं खणली जातात, आजी नातीला जुन्या जागा दाखवते. टोपलीच्या निमित्ताने हेही टिकून राहतं.

२००५ मध्ये ब्लॅकस्टोन या वस्तीतल्या बायकांनी कमालच केली. त्यांनी गवताची चक्क खऱ्या आकाराची टोयोटा गाडी विणली! तिला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलेचा मानाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विणायला गाडीच का निवडावी, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण त्या ओसाड मुलखात दवाखाना गाठायचा तर गाडी, नातलगाच्या मातीला जायचं तरी गाडीच. गवत फुकटचं खरं, पण ते आणायलाही गाडीच लागते, हे त्या बायकांइतकं कोणाला ठाऊक असणार?