ब्रह्मगिरीचा पहिला चढ

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण सपाटीवर राहणाऱ्या एखाद्या माणसाने रचली असावी. डोंगराजवळ गेल्यावर दगड, काटे आणि खाचखळगे दिसतात, हे खरे. परंतु डोंगर जे देतो, तेही जवळ गेल्यावाचून हाती येत नाही. ब्रह्मगिरी प्रथमच चढणाऱ्या मुलाला याचा प्रत्यय येतो.

नाशिकच्या पश्चिमेस सुमारे २८ किलोमीटरांवर त्र्यंबकेश्वर हे गाव आहे. त्याच्या पाठीशी ब्रह्मगिरी उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर. पायथ्याशी आल्यावर नवखा मुलगा उत्साहाने धावत सुटतो. शंभर-दीडशे पायऱ्या होतात न होतात, तोच त्याची छाती भात्यासारखी हलू लागते व तो मटकन खाली बसतो. एवढ्यात डोक्यावर काकड्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी मागून येते आणि हसून म्हणते, "दमानं चल, बाळा. डोंगर कुठं पळून जातोय?" तिच्या पावलांना घाई नसते, खंडही नसतो. बघता बघता ती वळणाआड दिसेनाशी होते. मुलगा उठतो आणि तिच्यासारखी पावले टाकू लागतो.

पुढे वाट काळ्या कातळातून जाते. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थंड झालेला लाव्हा. तो खोदून पूर्वजांनी पायऱ्या आणि दरवाजे घडवले; कारण हा डोंगर एक बळकट किल्लाही होता. इ. स. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला.

माथ्यावर पोचताच वारा अंगाला झोंबतो आणि चहूकडे डोंगरांच्या रांगा दिसू लागतात. येथे निसर्गाने पाण्याची वाटणी केली आहे. पूर्वेच्या उतारावर पडलेला पावसाचा थेंब गोदावरीला मिळतो. अरबी समुद्र येथून अवघा ऐंशी किलोमीटरांच्या आसपास. तरीही गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि नाशिक, पैठण, नांदेड अशी गावे मागे टाकीत १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली वैतरणा मात्र पश्चिमेची वाट धरते. तिच्यावरील धरणांचे पाणी मुंबईच्या घराघरांत पोचते. शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांची अशी ताटातूट होते आणि दोन दिशांची माणसे त्यांवर जगतात!

एवढ्या मोठ्या गोदावरीचे उगमापाशी दर्शन होते, ते मात्र ओंजळभर पाण्याचे. पाहणाऱ्याला नवल वाटते, आणि जवळच्या गवतात पडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या व पिशव्या दिसल्या की वाईटही वाटते. पहिल्या जोरदार पावसात त्या उताराला लागतील आणि वाहत नदीत जातील. माथ्यावर टाकलेला कचरा माथ्यावर राहत नाही. ते पाणी पिणाऱ्यांच्या दारी तो जातो.

उतरताना पाय लटपटतात आणि चढण्यापेक्षा उतरणे अवघड वाटते. तरीही मुलाच्या एका हातात रिकामी बाटली असते. तिचे ओझे ते काय? पण ती खाली आणल्याने एका नदीची वाट तेवढीच स्वच्छ राहते.