बिड, बोली आणि मामांचा 'नाही'

दिवाळीला नागपूरला आलोय. काल पहाटे मामांसोबत कळमन्याला गेलो. काटोलच्या बागेतली संत्री, आंबिया बहार, एक छोटा ट्रक भरून. सुट्टीआधीच मी ऑफिसमध्ये ई-लिलावाच्या एका प्रोग्रामसाठी 'बिड' नावाचं टेबल बनवलं होतं, आणि इथे समोर जिवंत बिडिंग! ढीग, भोवती व्यापारी, मध्ये अडत्याचा आवाज. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल दोन-तीन मिनिटांत.

घरी येऊन सवयीप्रमाणे शब्दकोश उघडला. 'बिड'चा एक जुना अर्थ चक्क हुकूम करणे! जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. 'बिद्दान' म्हणजे विनवणे, प्रार्थना करणे. 'बेओदान' म्हणजे जाहीर करणे, देऊ करणे, हुकूम देणे. पुढे दोघांची इतकी सरमिसळ झाली की एकच 'बिड' उरला. प्रार्थनेच्या घरातून माळेचा मणी, 'बीड' आला. हुकुमाच्या घरातून मनाई करणारा 'फरबिड'. जर्मनमध्ये हे दोघं अजून वेगळे राहतात: 'बिटन' विनंती करतो, 'बीटन' देऊ करतो.

खरी गंमत पुढे आहे. 'बेओदान' आणि संस्कृत 'बुध्' यांचं मूळ एकच. जाणणे, जाणीव करून देणे. म्हणजे बोध, बुद्ध! ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, त्याच शहरात हा दूरचा भाऊबंद संत्र्यांचा भाव ठरवतोय.

आपला 'लिलाव' पोर्तुगीजांकडून आला, पण 'बोली' अस्सल घरची. बोलतो ती बोली. पूर्वी बऱ्याच बाजारांत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. उघड लिलावात निदान आकडा शेतकऱ्याच्या कानावर तरी पडतो. तेवढा बोध झाला म्हणायचा.

पण काल बोललं कोण? व्यापारी बोलले, अडत्या बोलला. ज्यांचा माल, ते मामा गप्प उभे. एकाच 'बिड'चे तिन्ही अर्थ समोर होते: व्यापाऱ्याने देऊ केलं, मामांनी मनात विनवणी केली, आणि आकडा हुकमासारखा येऊन पडला.

परतताना विचारलं, "मामा, भाव पटला नाही तर नाही म्हणता येतं ना?"

"येते ना बे. म्हणाले कोण अडवते? पण ट्रक वापस न्यायचं भाडं कोण देईन? अन् संत्रं थांबते का तुह्या कॉम्प्युटरसारखं?"

असो. रात्री लॅपटॉपवर ते टेबल पुन्हा पाहिलं. बोली लावणारा, रक्कम, वेळ, सगळे कॉलम होते. विकणाऱ्याच्या नकाराला जागाच नव्हती. क्लायंटने मागितलेली नाही, आणि मलाही सुचली नव्हती.

परत गेलो की तेवढा एक कॉलम वाढवून बघतो. संत्रं तरीही थांबणार नाही, ते माहीत आहे.