चितळांच्या मागावर : लेखांक दुसरा

पांढरकवडा, गुरुवार

नागपूर सोडून हैदराबादच्या हमरस्त्याने आम्ही इथवर कसे आलो, ते गेल्या अंकी सांगून झाले असल्याने आज थेट टिपेश्वरच्या सुन्ना प्रवेशद्वारापासूनच आरंभ करतो. टिपाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे आणि १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे सागवानी रान. येथे परवाना, वाहन व वाटाड्या यांखेरीज प्रवेश नाही, आणि वाहनातून खाली उतरण्यास सक्त मनाई. शिस्त रास्तच आहे. चितळ पुष्कळ दिसले, रोही दिसले, सांबराची एक मादी वळणावर क्षणभर थबकून गेली. परंतु इंजिनाच्या घरघरीस सरावलेले जनावर पाहणे निराळे आणि आपला वास, चाहूल व आकार यांपैकी काहीही कळू न देता जे गाठावयाचे असते ते पाहणे निराळे, असे मास्तरांचे म्हणणे पडले. मास्तर, म्हणजे माझे सहप्रवासी, निवृत्त अध्यापक. या नादात ते माझे गुरू नव्हेत, भागीदार आहेत, आणि भागीदारीत भांडणे असावयाचीच.

शुक्रवार

दिवस चौकशीत गेला. हद्दीबाहेर मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वावर आहे. गावाच्या नावास अद्याप ‘इजारा’ चिकटलेला. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असताना पडीत जमिनी लागवडीस आणण्यासाठी इजाऱ्याने देण्यात आल्या, त्या व्यवहाराची ही निशाणी, आणि शेत व जंगल एकमेकांच्या अंगावर रेलण्याचे एक कारणही. रात्री जागलीस बसण्याची आमची इच्छा यजमानांनी मोडून काढली. राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घातलेली वाघीण ज्या जिल्ह्याच्या स्मरणात आहे, तेथे अंधारात धुऱ्याने का फिरू नये हे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

शनिवार

उजाडल्यावर, यजमानांना धुऱ्यावर उभे ठेवून, आम्ही नाल्यात उतरलो. मास्तरांच्या खिशात चुलीतली चाळलेली राख असते. चिमूटभर सोडली, ती आमच्या तोंडावर आली. थंडीच्या पहाटे गार हवा टेकडीवरून उताराने वावराकडे वाहते आणि ऊन तापले की तीच वर चढू लागते, त्यामुळे टेकडी व आपण यांच्यामध्ये जनावर ठेवून खालून जावयाचे आणि वारा पालटण्याआधी उरकावयाचे, हा या विद्येतील पहिला शिरस्ता. हरभऱ्यात चितळांचा कळप होता. त्यांची मान खाली असेल तोवर पाऊल टाकावे, मान वर होताच आहे त्या स्थितीत, एका पायावर असलो तर एका पायावर, थांबावे. आणि मान खाली असूनही कान मात्र आपल्याकडे वळलेले असतील तर त्या मानेवर विश्वास ठेवू नये. एक म्हातारी मादी अशीच लबाड होती. तिच्यापायी आम्ही कितीतरी वेळ हरभऱ्यात गुडघे टेकून बसलो. पानांवरची आंब विजारीत मुरून गुडघ्याच्या ओरखड्यांना अशी झोंबू लागली की मास्तर डोळे मिटून दात आवळीत होते.

अखेर चाळीसेक पावलांवर नर आला. नवी शिंगे अद्याप मखमली कातड्यात होती, त्यांच्यावर माश्या बसत होत्या, आणि कोवळ्या शिंगाला ढाळ्याचा धक्का लागू नये म्हणून तो मान तिरपी करून घाटे ओरबाडीत होता. एवढे पाहिले, आणि मी मास्तरांना मागे सरण्याची खूण केली.

येथेच आमचा मतभेद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वी परवाना काढून या मुलखात येणाऱ्या शिकाऱ्यास परतीची विवंचना नसे. बार झाला की कळप उधळला काय आणि राहिला काय, त्याला सारखेच. मास्तरही, जवळ पोहोचलो म्हणजे माग पुरा झाला, असे मानतात. माझ्या मते बंदूक नसलेल्याचे निम्मे काम तेथून पुढे सुरू होते: आलो तसे, पाठीमागे न पाहता, पायाने ढेकूळ चाचपीत, त्या म्हातारीच्या कानांकडे लक्ष ठेवून निघून यावयाचे, की कळपाच्या लेखी आपण आलोच नव्हतो. जाण्यापेक्षा येण्यास अधिक वेळ लागला, राख वर चढू लागली होती, परंतु कळप चरतच राहिला. एवढ्या नीट माघारीबद्दल मला मनातून थोडा अभिमानही वाटत होता.

यजमान धुऱ्यावरून सारे पाहत होते. पंचनाम्याला तलाठी येतात, वनरक्षक येतात, भरपाईचा अर्ज पुढे जातो, हे त्यांनी कालच सांगितले होते. आम्ही चिखलाने माखून वर चढलो, तेव्हा ते मास्तरांस म्हणाले, “इतके जवळ गेल्ते तं हाकलून तरी द्याचे ना जी! घाटा ठेवला नाही त्याहीनं.”