लाल दिवा

टीममधला एकजण महिनाभर बँकॉकला जाऊन राहिला होता. कामही तिथूनच करायचा. पहिल्याच दिवशी त्यानं ग्रुपवर स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट टाकला आणि विचारलं, ‘तुमच्याकडे किती येतं?’ पुणे, बंगळुरू, इंदूर असे आकडे आले. मीही टाकला. डाउनलोड ९४, अपलोड ९१. त्याच्या कॅफेपेक्षा जास्त. खाली कुणीतरी लिहिलं, ‘सिल्लोड म्हणजे कुठे रे?’

संभाजीनगरहून अजिंठा लेणी बघायला निघालात, तर साधारण पासष्ट किलोमीटरवर आमचं गाव लागतं. बहुतेकांसाठी ते चहापुरतं. आमच्यासाठी मिरची, मका आणि कापसाचं. २०२२मध्ये बाबा गेले, आई एकटी राहिली आणि मी पुण्यातली रूम सोडून इथे आलो. मॅनेजरनं परवानगी दिली, पण एक वाक्य जोडून: “लाइनचा प्रॉब्लेम व्हायला लागला, तर पुण्याला यावं लागेल.”

ते वाक्य मी घरी आणलं. आईला ते कधी सांगितलं नाही, पण तिला कळलं असणार. माझा कॉल चालू असला की ती मिक्सर लावायची नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करायची. शेजारच्या काकू आल्या की तोंडावर बोट ठेवून त्यांना मागच्या दारानं आत घ्यायची. आईसाठी घरी आलो होतो आणि आईच स्वतःच्या घरात भाडेकरूसारखी वागत होती. मला हे दिसत होतं. पण कॉल संपला की पुढचा कॉल असायचा.

लाइन पडू नये म्हणून मी जमेल ते सगळं केलं होतं. राउटर आणि फायबरचा डबा १२ व्होल्टवर चालतात, म्हणून त्यांना छोटा वेगळा यूपीएस लावला. घराला इन्व्हर्टर होताच. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घेतली. फायबर गेलं की राउटर आपोआप मोबाइल नेटवर जाईल, अशी सेटिंग केली. अंतराची काळजी नव्हती. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई इथून रस्त्यानं चारशे किलोमीटर धरली, तर जायला दोन मिलिसेकंद. बोलताना कुणाला कळणारही नाही की समोरचा माणूस मुंबईत बसलाय की सिल्लोडला.

स्क्रीनशॉटनंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी सव्वातीनला, डब्यावरचा लाल दिवा लागला. या दिव्याचा अर्थ एकच: तारेतून प्रकाश येत नाहीये. चार वाजता सिंगापूरच्या क्लायंटचं रिलीज होतं आणि ते मीच करणार होतो.

राउटर मोबाइल नेटवर गेला. फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या, नेट शून्य. दुसरं सिम टाकलं. तेच. घरी लाइट होती, यूपीएस होता, दोन सिम होती आणि मी जगापासून तुटलेला होतो. फोन करून मॅनेजरला एवढंच सांगितलं, “लाइन गेलीय, मी बघतो.” लॅपटॉप सॅकमध्ये टाकला आणि गाडी काढली. आईनं विचारलं, “काहून रे, काय झालं?” मी उत्तर दिलं नाही.

फुलंब्रीच्या दिशेनं निघालो. गावाबाहेर बऱ्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला जेसीबी उभा होता आणि त्याच्याजवळच्या खड्ड्यात एक माणूस मांडी घालून बसला होता. समोर डब्यावर फायबर जोडायचं मशीन. मला बघून तो म्हणाला, “कंप्लेंट करायला आले का? दोन तास लागतील.”

“दोन्ही सिमही बंद आहेत,” मी म्हणालो.

“मग? टॉवरला नेट काय आभाळातून येतं? त्यांच्या तारापण याच चारीत आहेत.”

मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला माणूस. ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’वर ऑफिसात प्रेझेंटेशन दिलेलं. माझ्या तिन्ही वाटा एकाच खड्ड्यातून जात होत्या, हे मला त्या खड्ड्याच्या काठावर कळलं.

त्यानं दोन टोकं सोलली. आतली काच १२५ मायक्रॉन जाडीची, आणि तिच्यात प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. मशीनच्या स्क्रीनवर दोन्ही टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, टोकं वितळून एक झाली. खाली आकडा आला: ०.०२ डीबी. म्हणजे जोड जवळजवळ नसल्यासारखा. “झाली एक,” तो म्हणाला आणि पुढची तार उचलली. अशा अजून बऱ्याच होत्या.

खड्ड्याच्या पुढे एका चहाच्या टपरीवर फोनला नेट आलं. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. ग्रुपवर मेसेज होता. रिलीज झालं होतं. बँकॉकवाल्यानं, माझ्या नोट्स वाचत, त्या कॅफेतूनच केलं होतं.

हे फक्त सिल्लोडचं आहे असं मला तेव्हा वाटलं. तसं नाही. ६ सप्टेंबर २०२५ला लाल समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. एसएमडब्ल्यू ४ आणि आयएमईडब्ल्यूई, नावं वेगळी, समुद्राची पट्टी तीच. भारत, पाकिस्तान, आखाती देश, सगळीकडे नेट मंदावलं. २००८च्या जानेवारीतही इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटून असंच झालं होतं. नकाशावर अनेक रेघा दिसतात. खाली बघितलं तर त्या एकाच अरुंद चारीतून गेलेल्या असतात. मोठ्या शहरात वाटा जास्त असतात, म्हणून तिथे नेट चांगलं वाटतं. शहराच्या तारेतला प्रकाश काही वेगळा नसतो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा कॉल आला. मी पुण्याला यायचं, हे ऐकायची तयारी करून बसलो होतो. तो काही म्हणायच्या आत मीच बोललो. म्हणालो, आपण प्रत्येक सर्व्हर कधीतरी पडणार असं धरूनच सिस्टिम बांधतो. एक पडला तर दुसरा उभा असतो आणि पडलेल्याला कुणी नोटीस देत नाही. मग एका माणसाची लाइन गेली की रिलीज अडेल, असं काम आपण का लावलंय? काल मी पुण्यात असतो आणि मला ताप आला असता, तरी हेच झालं असतं. आणि मग पहिल्यांदाच सांगितलं, की घरी आई एकटी आहे, म्हणून मी इथे आहे.

थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “हे आधी सांगायचंस ना.” आता प्रत्येक रिलीजला दोन नावं असतात. त्याचं ते जुनं वाक्य त्यानं मागे घेतलेलं नाही. मी पुन्हा विचारलेलंही नाही.

आईला मात्र सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आवाज झाला तर चालतो?”

“चालतो.”

तिनं खात्री करायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या कॉलमध्ये मी बोलत असताना आतून मिक्सरचा आवाज आला, मोठ्ठा. बँकॉकहून परत आलेल्यानं विचारलं, “काय चाललंय तिकडे?”

“मिरचीचा ठेचा,” मी म्हणालो, आणि माइक बंद केला नाही.