फुकट साधनांची पारख

गेल्या वर्षीं मुख्याध्यापकांनीं आमच्याकडे एक काम सोपविलें. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या शिक्षणसाधनांपैकीं पहिली ते चौथीच्या वर्गांस कोणतीं उपयोगी पडतील, हें पाहून सांगावयाचें होतें. ज्यास पैसा पडत नाहीं तें घेण्यांत विचार तो कसला, अशी आमची समजूत होती. ती कशी चुकीची ठरली हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

फुकट साधन ही कांहीं आजची नवलाई नव्हे. पोलादपूर व महाड या गांवांवरून वाहत जाणारी आपली सावित्री बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. त्या बाणकोटास १८२३ सालीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं आपलें काम आरंभिलें व शाळा काढल्या. त्या काळच्या गांवठी शाळांत मूल पाटीवर धूळ पसरून बोटानें अक्षरें गिरवीत असे. धूळ फुकट होती. अक्षर चुकलें तर हात फिरवितांच तें नाहींसें होई, आणि कोणतें मूल कितीदां चुकलें याची नोंद ती धूळ कोणापाशीं ठेवीत नसे.

आम्हीं प्रथम निवडिलें तें मुलांचें वाचन ऐकून घेणारें एक अ‍ॅप. मुलानें मोबाईलसमोर मोठ्यानें वाचावें, यंत्रानें ऐकावें व बरोबर शब्दास तारे द्यावे, अशी त्याची योजना. चित्रें सुरेख होतीं. अर्ध्या तासांत आम्हीं पसंतीचा शेरा लिहून टाकिला. दुसऱ्या दिवशीं तिसरींतील एक मुलगी तें घेऊन वाचावयास बसली. ती पोलादपूरकडील घाटाच्या कुशींतल्या एका वाडींतून येते, आणि वर्गांत तिच्याइतकें धीटपणें कोणी वाचीत नसे. 'पाणी' हा शब्द तिनें घरीं बोलतात तसा 'पानी' असा वाचला. यंत्रानें तो लाल करून दाखविला. तिनें पुन्हां वाचला, पुन्हां लाल. चवथ्या वेळीं मुलें हंसलीं. तिनें मोबाईल आमच्या हातीं दिला व म्हणाली, "सर, ह्याला माझं बोलनं कळत नाय." पुढें आठ दिवस तिनें वर्गांत वाचण्यास तोंड उघडलें नाहीं. शेरा आमचा होता. शिक्षा मात्र तिला झाली.

तेव्हां आम्हीं तो शेरा खोडला व नव्यानें आरंभ केला. आतां प्रत्येक साधनास आम्ही चार प्रश्न विचारतों.

पहिला, इंटरनेट नसेल तेव्हां तें चालेल काय? २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी यांचें पाणी महाडांत शिरलें, आणि त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळली. वीज गेली, मोबाईल मुके झाले. तो दिवस ज्यांनीं पाहिला त्यांस या प्रश्नाचें महत्त्व सांगावयास नको. दुसरा, आंवळा देऊन कोहळा काढण्याचा तर हा प्रकार नव्हे? ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें २०२२ सालीं ४९ देशांतील शिक्षणसाधनें तपासलीं. त्यांपैकीं बहुतेक साधनांची रीत मुलांच्या हक्कांस बाधक किंवा धोक्याची असल्याचें तिला आढळलें. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्यांत १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची खातरीलायक संमति घ्यावी असें सांगितलें आहे. म्हणून जें साधन प्रथमच मुलाचें नांव व जन्मदिनांक मागतें, तेथें आम्ही थांबतों. तिसरा, मूल स्वतः कांहीं करतें, कीं नुसतें पाहत बसतें? आणि चवथा, जो आम्हांस त्या मुलीनें शिकविला: चुकलेल्या मुलास हें साधन कसें वागवितें?

या चार प्रश्नांतून थोडींच साधनें पार पडलीं. २०१७ सालीं सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठाचे धडे पाठ्यपुस्तकांतील चौकोनी संकेतचित्रावर मोबाईल धरला म्हणजे उघडतात. डोंगरांतल्या वाडींत तें जमत नाहीं, म्हणून ते महाडांत असतांनाच उतरवून घ्यावे लागतात. अमेरिकेंतील कोलोराडो विद्यापीठाचा 'फेट' हा प्रकल्प कार्ल वीमन या शास्त्रज्ञानें २००२ सालीं आरंभिला. त्यांतील अपूर्णांकांचे खेळ एकदां उतरवून घेतले कीं इंटरनेटवांचून चालतात, आणि आकृतीचे समान भाग मूल स्वतःच्या बोटानें करून पाहतें. 'प्रथम बुक्स'नें २०१५ सालीं काढलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहांत मराठी गोष्टी पुष्कळ आहेत. त्या छापून वाटण्यास मुभा आहे. ज्याच्या घरीं मोबाईल नाहीं त्याच्याही हातीं कागद देतां येतो, हा गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटला.

अशीच एक गोष्ट छापून आम्हीं त्या मुलीपुढें ठेविली. तिनें कागद उलटसुलट करून पाहिला व विचारिलें, "सर, ह्याच्यात तारे नाय ना?" आम्हीं नाहीं म्हटलें. ती हळूहळू वाचूं लागली. 'पाणी' हा शब्द आला, तो तिनें 'पानी' असाच वाचला. आम्हीं मध्यें बोललों नाहीं. गोष्ट संपल्यावर आम्हीं तेंच वाक्य आमच्या परीनें एकदां वाचून दाखविलें. तिनें तें ऐकून घेतलें, आणि दुसरी गोष्ट मागितली.

पालकहो, घरीं मुलाच्या हातीं फुकटचें एखादें साधन देण्यापूर्वीं हे चार प्रश्न तुम्हीही विचारा. शेवटचा तर अवश्य विचारा, कारण त्याचें उत्तर जाहिरातींत मिळत नाहीं. तें पाहण्यासाठीं मुलाशेजारीं बसावें लागतें.