कफ्फारा कोणासाठी?

यावलमध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने शब्दांकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. योहानाच्या पहिल्या पत्रात (2:2) येशूच्या बलिदानाला मराठी बायबल ‘प्रायश्चित्त’ म्हणतं, उर्दू बायबल ‘कफ्फारा’. आपल्याकडे कफ्फारा ज्याचा त्यानेच द्यायचा. कसम मोडली, तर दहा गरिबांना जेवण. प्रायश्चित्तही ज्याचं त्यानेच घ्यायचं. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र ते एकाने सर्वांसाठी दिलं.

सर्वांसाठी? इथेच ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने ठरवलं, की त्या बलिदानाचं मोल साऱ्या जगाला पुरेल एवढं आहे. पण तारायचे होते ते देवाने निवडलेलेच. पुढच्या शतकात जॉन वेस्ली म्हणाले, नाही, ते प्रत्येकासाठी आहे. जो नाकारेल त्याचा दोष त्याचा. एक बाजू योहान 10:15 मधली मेंढरं दाखवते, दुसरी 3:16 मधलं जग.

1829 ला मुंबईत आलेले जॉन विल्सन पहिल्या परंपरेतले, मेथडिस्ट दुसऱ्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात दोन्हींचे वारस होते. वाद मिटला नसावा, बाजूला ठेवला असावा.

आपण हसू नये. मोठा गुनाह करून तौबा न करता मेलेल्याला शफाअत मिळेल का, यावर मुअतझिला ‘नाही’ म्हणाले, अहले सुन्नत ‘अल्लाहने परवानगी दिली तर हो’. कुणी कुणाचं ओझं उचलणार नाही, हा कुरआनचा निवाडा मला पूर्ण पटतो. तरी गल्लीतल्या एका दारुड्याच्या जनाज्यात दुआ मागताना मला मुअतझिला आठवले नाहीत.